हलव्याची हद्दपारी

समाजाला उपासमारीपेक्षा परक्या शब्दांचा धोका मोठा असतो, हे थोर सत्य पोटभर जेवण झाल्यावरच लक्षात येते. कोलकात्याच्या बेहाला भागातल्या नारायणराव दफ्तरदारांना ते निवृत्तीनंतर लक्षात आले. केंद्र सरकारच्या बदल्या भोगत ते कोलकात्यात स्थिरावले आणि तिथल्या मराठी मंडळात त्यांनी शब्दशुद्धी समिती काढली. समितीचे काम एकदम चोख. (सभेत ‘हजर’ म्हणणाऱ्याची गैरहजेरी मांडली जाई.) तपासलेल्या शब्दांपैकी नव्वद टक्के परके निघाले. उरलेले दहा टक्के कुणाला कळलेच नाहीत.

संक्रांतीच्या तोंडावर समितीने ‘हलवा’ हाती घेतला. शब्द मूळचा अरबी, अर्थ गोड पदार्थ. तिथून तो इराणात गेला, तुर्कस्तानात गेला, उर्दूत तर बिऱ्हाडच करून बसला. कुठे तो तिळाचा, कुठे रव्याचा, कुठे गाजराचा. एवढी गावे हिंडलेल्या शब्दाचे चारित्र्य धड असणे शक्य नाही, असे मत नोंदवून समितीने त्याला मंडळाच्या हळदीकुंकवातून हद्दपार केले.

पंचाईत अशी, की त्याच हळदीकुंकवात नारायणरावांची नवी सून सानिका हलव्याचे दागिने घालून बसायची होती. लग्नानंतरची पहिली संक्रांत काही दरवर्षी येत नाही. त्या दागिन्यांसाठी आशाताई, म्हणजे नारायणरावांच्या सौभाग्यवती, कडाक्याच्या थंडीत (कोलकात्याच्या मानाने) मंद आचेवर तीळ हलवत, थेंबाथेंबाने पाक सोडत बसल्या होत्या. बोटे पोळली, तेव्हा कुठे हलव्यावर काटा आला.

“अहो, पोरीनं काय नुसती काळी साडी नेसून बसायचं?” त्यांनी विचारले.

“दागिने घालू दे की. आपण नाव बदलू. शर्करावगुंठित तिलालंकार.”

“हे म्हणून होईपर्यंत बायका घरी जातील!”

बाई फटकळ खऱ्या, पण खोटे काही बोलत नव्हत्या.

समारंभात सानिका नटून पाटावर बसणार, तोच समितीचे दुसरे सभासद गुरुदत्त उभे राहिले. (नारायणरावांनी त्यांचा ‘शाबास’ तीनदा खोडला होता.) ते म्हणाले, “सूनबाईंचं आडनाव मंचावरून पुकारता येणार नाही. ‘दफ्तर’ अरबी, ‘दार’ फारसी. तुर्कांकडेसुद्धा दफ्तर आहे. समितीनं पर्याय सुचवला आहे: लेखसंग्रहधारक.”

“बाबा, आत्ताच तर आडनाव बदललंय हो!” सानिका रडकुंडीला आली. “आधार कार्डसुद्धा अजून आलं नाही!”

नारायणरावांचा चेहरा खर्रकन उतरला. बापजाद्यांचे आडनाव! त्यांच्या डोळ्यांत चक्क पाणी आले. घसा खाकरून त्यांनी तिथल्या तिथे निर्णय दिला, “जो शब्द तीन पिढ्या घरात नांदला, तो घरचाच समजावा.”

“मग हलवा?” आशाताईंनी विचारले.

“तोही.”

“मग घे गं बाई हार!” आशाताईंनी सुनेच्या गळ्यात हलव्याचा हार घातला आणि पदराने स्वतःचे डोळे पुसले.

यावर समिती बरखास्त झाली असेल, असे कुणाला वाटेल. छे, छे! ती जोरात आहे. आता ती फक्त इतरांच्या घरचे शब्द तपासते. सभासद व्हायला वर्गणी नाही, अर्ज नाही. आपले ते मुरलेले आणि दुसऱ्याचे ते घुसलेले, एवढे मनापासून वाटले की झाले. वाचकहो, तुमचे नाव समितीने परस्पर घातले आहे. हरकत असल्यास शुद्ध मराठीत कळवावी.