श्रीयुत केक यांचा विमानप्रवास

विमानकंपनीच्या कॉम्प्युटरनं केकचं आडनाव विचारलं, तेव्हा काकांनी हातातला पेपर खाली ठेवला.

"आडनावाशिवाय पुढचं पान उघडतच नाहीये," लॅपटॉपसमोर बसलेली सून म्हणाली. "जादा सीट घ्यायची तर पूर्ण नाव द्यावंच लागतं. मग सीटवर माणूस बसो नाहीतर खोकं."

"मग आपलंच लाव की," मावशी म्हणाल्या. "घरचाच आहे तो."

"इस्टेटीत पण हिस्सा द्या त्याला," काका पुटपुटले.

सुनेनं 'श्री' लिहिलं, 'केक' लिहिलं, आडनाव लिहिलं. मग वयावर गाडी अडली. निघायच्या दिवशी केकचं वय एक दिवस होणार होतं. पण एवढ्या लहान प्रवाशाला मांडीवर घेऊनच बसावं लागेल असं कॉम्प्युटरचं म्हणणं. दोन मजली केक मांडीवर घेऊन बसणं मावशींना मान्य नव्हतं. शेवटी तिघांनी मिळून त्याचं वय तीस ठरवलं आणि श्रीयुत केक यांचं पूर्ण भाड्याचं, विम्यासकटचं तिकीट निघालं. काकांचं तिकीट मात्र सुनेच्या कार्डावर साठलेल्या पॉइंटांतून फुकटात काढलं होतं. त्यावर काकांची काही तक्रार नव्हती. तक्रार करण्याची त्यांची सवय लग्नानंतर वर्षभरातच सुटली होती.

मावशींचं केकचं दुकान होतं आणि त्यामुळे सगळा रस्ता त्यांना मावशीच म्हणायचा. खरीखुरी मावशी त्या एकाच मुलीच्या होत्या: थोरल्या बहिणीच्या, म्हणजे ताईंच्या मुलीच्या. आता त्या भाचीचं लग्न होतं. भाचीनं फोन करून सांगितलं होतं, "मावशी, केक तूच आणायचास. आईला मी काही विचारलेलं नाही. तुम्ही दोघी आणि तुमचं भांडण!"

हे भांडण सहा वर्षांपूर्वीचं. ताईंच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला मावशींनी स्वतःच्या हातानं केक करून नेला होता. ताईंनी पहिला घास घेतला आणि भरल्या घरात, चारचौघांत म्हणाल्या, "छान झालाय हो. जरासा कोरडा आहे, एवढंच."

त्या 'एवढंच'वर सहा वर्षं निघाली. फोन आला तर काकांनी घ्यायचा, निरोप काकांनी पोचवायचे. "ताईला सांगा, मी बरी आहे," असं मावशी फोनला तोंड लावूनच म्हणायच्या आणि पलीकडे ताईंना ते स्पष्ट ऐकू जायचं, तरी काका इमानदारीनं पुन्हा सांगायचे.

"हे बघा," केकवर क्रीमचं शेवटचं फूल ठेवताना मावशी म्हणाल्या, "तिथं मी एक अक्षर बोलणार नाही. ती एक घास खाईल आणि तिचं तिलाच कळेल. जे काय बोलायचं ते हा केक बोलेल."

खरं सांगायचं तर मावशींना ताईची आठवण यायची. रोज यायची. पण आधी कोणी बोलायचं, हा प्रश्न होता, आणि तो त्यांनी केकवर सोपवला होता.

विमानतळावरच्या काउंटरवर पहिला खोळंबा झाला. "हे सामान आहे की प्रवासी?" काउंटरवरच्या मुलीनं विचारलं.

"तुम्हीच सांगा. तिकीट तर प्रवाशाचं आहे."

"मग ओळखपत्र?"

"अहो, केक आहे तो!"

"मग सामान," असं म्हणून तिनं खोक्याला सामानाची चिठ्ठी चिकटवली, आणि तिकीट होतं म्हणून बोर्डिंग पासही दिला. सामान असूनही श्रीयुत केक यांना खिडकी मिळाली. जागेवर ठेवलेलं खोकं कुणाच्या वाटेत यायला नको, असा नियम निघाला. काकांना खिडकी हवी होती. त्यांना कडेची सीट मिळाली.

सुरक्षा तपासणीत खोकं यंत्रात मावेना. तिथल्या साहेबांनी झाकण उघडायला लावलं आणि क्रीमकडे संशयानं पाहिलं. "हे द्रव आहे. द्रव नेता येत नाही."

"द्रव कसलं? लोणी-साखर आहे. घट्ट आहे चांगलं."

"आणि आतमध्ये?"

"आतमध्ये केक. म्हणजे... चांगला मऊ केक," मावशींनी 'मऊ'वर जोर देत सांगितलं.

"आधाराला काही धातूचं?"

"लाकडी काड्या आहेत चार. वरचा मजला खाली बसू नये म्हणून."

साहेबांनी दुसऱ्या साहेबांना बोलावलं. दोघांनी मिळून एका फुलावर स्फोटकं तपासायचा कागद फिरवला. फूल कागदाबरोबर गेलं. केक निर्दोष सुटला, एका फुलाचं नुकसान सोसून. या सगळ्यात इतका वेळ गेला, की सगळ्या विमानतळावर घोषणा दुमदुमली: "प्रवासी श्री. केक, आपण जिथे असाल तिथून त्वरित गेटवर यावे. ही शेवटची सूचना आहे."

"आलो, आलो!" काका खोक्याचं एक टोक धरून पळता पळता ओरडले. लोक त्यांच्याकडे वळून पाहू लागले. हेच ते श्री. केक, अशी सगळ्यांची समजूत झाली.

गेटवरची बाई फार नम्र होती, आणि विमानतळावर कुणी फार नम्र बोलू लागलं की काहीतरी वाईट कानावर येणार हे ठरलेलं. "सर, फ्लाइट जरा जास्त बुक झालीये. एक प्रवासी उतरवावा लागतोय. कॉम्प्युटरनं तुमचं नाव काढलंय."

"माझं? आणि हा केक?"

"त्यांचं तिकीट पूर्ण भाड्याचं आहे, सर. आपलं पॉइंटांवरचं."

"मग मी त्याच्या जागेवर बसतो! केक हिच्या मांडीवर देतो."

"नाव बदलता येत नाही, सर. ते तिकीट श्री. केक यांचंच आहे."

"पण काउंटरवर तर म्हणाले की हे सामान आहे!"

"तिथे सामान, सर. इथे प्रवासी."

मावशींचा जीव वरखाली होऊ लागला. नवऱ्याला एकटं सोडायचं की केकला, असा पेच आयुष्यात प्रथमच पडला होता. काकांनी तो सोडवला. "तू जा. मला पुढच्या विमानात बसवतायत. शिवाय तोपर्यंत आरामखुर्ची आणि जेवण देणार म्हणे." त्यांचा चेहरा फारसा दुःखी नव्हता.

"ताईकडे आधी पोचलात तर तोंड उघडू नका!" मावशी जाता जाता ओरडल्या.

विमानात हवाईसुंदरीनं केकला पट्टा बांधला आणि सवयीनं "काही लागलं तर बटण दाबा," असंही सांगितलं. काकांच्या जागेवर दातांचे एक डॉक्टर येऊन बसले. त्यांनी खोक्याच्या पारदर्शक बाजूतून आत पाहिलं, आवंढा गिळला आणि पुढचा तासभर मासिक उघडून एकच पान वाचलं.

उतरायची वेळ झाली तेव्हा खाली धुकं होतं. वैमानिकानं आधी सांगितलं की थोडा वेळ घिरट्या घालू. मग सांगितलं की अजून थोडा वेळ. मग भलत्याच गावाच्या विमानतळावर विमान उतरवलं आणि सांगितलं, "आपण सुखरूप उतरलो आहोत. उतरता मात्र येणार नाही, कारण शिडी दुसऱ्या विमानाला लागली आहे."

शिडी मोकळी होईना. इंजिन बंद, म्हणून आतला गारवा बंद. खाण्याच्या गाड्या रिकाम्या झाल्या, पाण्याचे पेले आधी अर्धे आणि मग नाहीसे झाले. लोक आधी चिडले, मग भांडले, आणि मग भांडायचाही कंटाळा येऊन गप्प बसले. मावशींचं लक्ष कशातच नव्हतं. केकच्या कडांवरचं क्रीम चकाकू लागलं होतं. वरचा मजला हळूहळू कलला आणि झोपलेल्या प्रवाशासारखा मावशींच्या खांद्याच्या दिशेनं झुकला. लग्न उद्या संध्याकाळी होतं. मावशींनी पुठ्ठ्यानं वारा घातला, खोक्याला धीर दिला, देवाचं नाव घेतलं.

तेवढ्यात मागून हवाईसुंदरी घाईघाईनं आली. "कुणाकडे काही गोड आहे का? मागच्या आजोबांची साखर उतरलीये. घाम सुटलाय त्यांना."

आजूबाजूच्या सगळ्या माना खिडकीच्या सीटकडे वळल्या. डॉक्टरांची सगळ्यात आधी.

मावशी क्षणभर केकला पाठीशी घालूनच बसल्या. या केकच्या भरवशावर त्या ताईच्या दारात उभ्या राहणार होत्या. पण मागे एक म्हातारा माणूस थरथरत होता, आणि दुकानात आलेल्या भुकेल्या माणसाला त्यांनी आजवर कधी परत पाठवलं नव्हतं. त्यांनी खोक्याचं झाकण काढलं. "सुरी द्या."

"सुरी नसते विमानात."

"चमच्यानं उकरणार नाही मी. दोरा आहे का कुणाकडे? चांगला मजबूत."

डॉक्टरांनी लाजत खिशातून दात साफ करायच्या दोऱ्याची डबी काढली. "पुदिन्याचा वास आहे थोडा, चालेल?"

मावशींनी दोरा दोन्ही हातांत ताणून धरला आणि केकमधून असा सरळ ओढला की दुकानातल्या सुरीनंही लाजावं. पहिला तुकडा आजोबांना गेला. थोड्या वेळानं आजोबांचा आवाज आला, आणि तोही खणखणीत, तेव्हा सगळ्या विमानानं टाळ्या वाजवल्या. मग मागच्या रडणाऱ्या बाळाच्या आईला, मग शाळेतल्या दोन पोरांना, मग रांगेनं सगळ्यांनाच घासघास. नाही तरी तो आता वितळणारच होता. डॉक्टरांनी "आमच्या धंद्यात हे बरं नव्हे" म्हणत दोन तुकडे खाल्ले.

"अप्रतिम!" कुणीतरी म्हणालं. "असा केक जन्मात नाही खाल्ला!" दुसरं कुणीतरी. मावशींचा ऊर भरून आला. लोक म्हणत होते ते ताईनं ऐकायला हवं होतं.

आणि मग डोक्यावरचे दिवे लागू लागले. आधी एक, मग तीन, मग रांगच्या रांग. टिंग, टिंग, टिंग.

"पाणी मिळेल का?"

"मॅडम, थोडं पाणी?"

"बाई, केक फार सुरेख होता हो," आजोबा उठून इथवर आले होते. "घोटभर पाणी असेल का कुणाकडे?"

मावशींनी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर डोळे मोठे करून तिसऱ्यांदा घास गिळत होते. मावशींनी एक तुकडा उचलला. इतकी वर्षं त्या कच्चं मिश्रण चाखत, क्रीम चाखत, गरम केकच्या कापलेल्या कडा चाखत. पण दुसऱ्या दिवशीचा आपला केक गिऱ्हाइकासारखा बसून त्यांनी कधीच खाल्ला नव्हता. त्यांनी घास तोंडात टाकला. चव सुंदर होती. सुगंध सुंदर होता. आणि घास टाळूला असा चिकटला की हलेना.

मावशींना खूप वाईट वाटलं. केकचं नव्हे, सहा वर्षांचं. उरलेला एक तुकडा त्यांनी कागदी रुमालात गुंडाळला आणि दोन्ही हातांत धरून बसल्या.

धुकं निवळल्यावर विमान पुन्हा उडालं आणि दुपार कलताना पोचलं. बाहेर ताई उभ्या होत्या. शेजारी काका, ताजेतवाने, दाढी केलेले, पोटभर जेवलेले. त्यांचं विमान धुकं जाईपर्यंत जमिनीवरच थांबलं होतं आणि मग सरळ येऊन उतरलं होतं.

"मी काही बोललो नाही हं," काकांनी आधीच सांगून टाकलं.

दोघी बहिणी समोरासमोर उभ्या राहिल्या. ताईंचे केस बरेच पिकले होते. आता काकांनी नेहमीप्रमाणे निरोप्याचं काम सुरू करावं म्हणून दोघींनीही त्यांच्याकडे पाहिलं. काका छताकडे बघत राहिले.

"ताई," मावशी म्हणाल्या, आणि रुमाल पुढे केला. "एवढाच उरलाय. बाकीचा विमानात खाल्ला लोकांनी. आणि... तू म्हणाली होतीस ते खरं होतं. कोरडा होतो माझा केक."

ताईंनी रुमाल उघडला, उभ्याउभ्याच तो तुकडा तोंडात टाकला आणि चावू लागल्या. बराच वेळ चावत राहिल्या.

"काहीतरीच!" शेवटी त्या म्हणाल्या. आवाज जरा घोगरा आला. "कोण म्हणतं कोरडा? चांगला मऊ आहे."

"खोटं बोलू नकोस ताई."

"तुला काय कळतंय गं? खातेय मी की तू?"

"करते मी! दोनशे माणसांनी पाणी मागितलं मघाशी!"

"दोनशे माणसांना अक्कल नसेल! मी काय पाणी मागतेय का?"

काकांनी पिशवीतून बाटली काढून पुढे केली होती. ताईंनी ती हातानं बाजूला सारली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते केकमुळे की आणखी कशामुळे, हे मावशींना कळेना, आणि स्वतःच्या डोळ्यांतलंही त्यांना तेवढंच कळलं.

"घरी ओव्हन आहे," ताई म्हणाल्या. "उद्या संध्याकाळपर्यंत दुसरा होईल ना?"

"होईल. पण केक मऊ राहायला वरून साखरेचं पाणी शिंपडायचं ते तू शिंपड. तुला वाटेल तेवढं."

"मला मेलीला त्यातलं काय कळतंय," असं म्हणत ताईंनी मावशींच्या हातातली बॅग स्वतःकडे घेतली. मग, सहज लक्षात आल्यासारखं, काकांच्या हातातली बाटली घेतली, मावशींकडे पाठ केली आणि एका दमात अर्धी संपवली.