भागीरथाआत्यांना सोबत

"कोणाले सांगू नोको," भागीरथाआत्यांनी बजावलं होतं. "नाई तं सारी भिलाई माह्या संग बोटीत बसंल."

सिंधूने मान हलवली आणि तिथेच विसरून गेली. म्हाताऱ्या माणसांना वाढवून बोलायची सवय असते, आणि त्या घटकेला छकुलीच्या तोंडातून बूटपॉलिशच्या डबीचं झाकण काढणं जास्त निकडीचं होतं.

सिंधू नागपूरच्या कॉलेजातून बी.ए. झालेली होती. पुंडलिकशी लग्न होऊन ती भिलाईला आली तेव्हा कारखाना अर्धा उभा होता आणि अर्धा उभा राहत होता. दिवसभर कुठे ना कुठे काहीतरी ठोकलं जायचं आणि लाल धूळ येऊन वाळत घातलेल्या दुपट्यांवर बसायची. अशा गावात काळजी करायला विषय शोधावे लागत नाहीत. छकुली झोपली की श्वास नीट चाललाय ना हे सिंधू बघायची, आणि जागी असली की ही झोपत का नाही याची तिला चिंता पडायची. पुंडलिक रेल मिलमध्ये होता. त्याला यायला जरा उशीर झाला की ती दारात.

भागीरथाआत्या म्हणजे पुंडलिकच्या आत्या. गाव तिरोड्याकडचं. सिंधूच्या बाळंतपणासाठी आल्या होत्या. बाळंतपण होऊन बाळ उभं राहायला लागलं तरी त्यांच्या जाण्याचा विषय कोणी काढला नव्हता, सिंधूने तर नाहीच.

आत्या तरुणपणीच विधवा झाल्या, आणि तेव्हापासून त्या अख्ख्या घराण्याची सोबत होत्या. नवी नवरी सासरी पोचवायची आहे, आत्यांना बोलवा. कोणाला दवाखान्यात नागपूरला न्यायचं आहे, आत्या रिकाम्याच आहेत. त्यांनी प्रवास पुष्कळ केला, पण प्रत्येक वेळी मांडीवर कोणाचं तरी पोर आणि हातात कोणाचा तरी डबा. खिडकीची जागा त्यांना कधी मिळाली नाही, कारण सोबतीला आलेल्या माणसाने सामानाकडे लक्ष ठेवायचं असतं.

त्या साली त्यांच्या वाट्याचं धान चांगलं विकलं गेलं आणि एका दुपारी तांदूळ निवडता निवडता त्या सिंधूला म्हणाल्या, "मले समुद्र पाहाचा आहे. एकटीनं."

"एकट्याच का?"

"आपल्याकडं तलाव लय झाले. कोणताई तलाव घे, समोर दुसरा काठ असतेच. त्या काठावर कोणी ना कोणी धुणं धूत असते, अन् ते आवाज देते."

निवड त्यांनी घाईने केली नाही. भिलाईत तेव्हा देशातल्या सगळ्या किनाऱ्यांची माणसं जमलेली होती, त्यामुळे चौकशीला कुठे जावं लागलं नाही. मागच्या गल्लीतल्या तेलुगू फिटरने गोदावरीतली लाँच सुचवली. आत्यांनी विचारलं, नदीला काठ किती. तो म्हणाला, दोन. आत्यांनी लाँच नाकारली. कोपऱ्यावरच्या बंगाली बाईंनी कलकत्त्याहून रंगूनला जाणाऱ्या जहाजाचं नाव काढलं, पण त्याला पासपोर्ट लागतो आणि पासपोर्टाला फोटो लागतो, हे कळल्यावर तेही राहिलं. शेवटी पुंडलिकच्या खात्यातल्या रत्नागिरीकडच्या कारकुनाने मुंबईहून सुटणाऱ्या कोकणच्या आगबोटीची माहिती दिली. त्याने सांगितलं, कॅबिन दोघांची असते. एकट्याने घेतली तर दुसऱ्या जागेचेही पैसे भरायचे.

"म्हंजे जो आलाच नाही, त्याचं बी तिकीट मीच काढू?" आत्यांनी विचारलं.

"तसाच नियम आहे."

"आजवर जे आले त्याईचं केलं, ते पुरे."

मग कारकुनाने डेकबद्दल सांगितलं. वर उघड्यावर आपली पथारी टाकायची, तिकीट स्वस्त, आणि डेकवर एकटा माणूस एकटाच मोजतात. आत्यांनी डेक पक्का केला. बोटीचा वारही ठरवला. त्यानंतर सिंधूला ती ताकीद दिली.

सिंधूने कोणालाही काहीही सांगितलं नाही. पण आगबोट म्हटलं की तिच्या डोळ्यांपुढे बोट यायच्या आधी ती बुडालेली यायची. साठी उलटलेलं माणूस, मुंबईसारखं गाव, बंदरावरची गर्दी. मुंबईपर्यंत तरी कोणाची सोबत मिळाली तर बरं, एवढाच विचार करून तिने नळावर शेजारच्या बेबीताईंना सहज विचारलं, की मुंबईकडे कोणी जाणार आहे का हो. नाव घेतलं नाही, बोटीचा उल्लेख केला नाही.

"कोण जाऊन राहिलं?" बेबीताईंनी विचारलं.

"कोणी नाही."

"आत्याबाई का?"

संध्याकाळपर्यंत बेबीताई स्वतःच सोबतीला तयार झाल्या. त्या आत्यांना बंदरापर्यंत सोडणार आणि बोट सुटली की परत येणार. आत्यांनी फक्त सिंधूकडे पाहिलं, आणि सिंधू छकुलीचं नाक पुसायला लागली. ते पुसलेलंच होतं.

दुसऱ्या दिवशी बेबीताईंच्या घरी प्रश्न निघाला, की जाताना आत्या आहेत, पण येताना बेबीताईंना सोबत कोण. प्रश्न रास्त होता. म्हणून खुर्सीपारहून त्यांची बहीण पंचफुला यायची ठरली. आता मुंबईहून दोन बायका एकट्या येणार. दोन बायका असल्या तरी त्या एकट्याच धरल्या जातात, असा त्या काळी हिशेब होता. तेव्हा एक पुरुषमाणूस हवं झालं, आणि असं माणूस क्वार्टरांच्या पुढच्याच ओळीत मुलाकडे राहत होतं. ते म्हणजे मारोतराव, रेल्वेतले निवृत्त गार्ड.

मारोतरावांचा जन्म दुर्ग-नागपूर लाइनीवर मालगाड्यांच्या शेवटच्या डब्यात, म्हणजे गार्डाच्या ब्रेकव्हॅनमध्ये, गेला होता. त्यांना पास मिळायचा, आणि कुठलीही गोष्ट त्यांच्या ताब्यात दिल्याशिवाय सुरक्षित आहे असं त्यांना वाटायचं नाही. त्यांनी सिंधूच्या बाहेरच्या खोलीत सगळ्यांना जमवलं, चहा घेतला आणि पहिला सवाल केला.

"बोटीले ब्रेकव्हॅन कोण्या बाजूनं असते?"

कारकुनाला निरोप पाठवून विचारलं. बोटीला ब्रेकव्हॅन नसते, असं उत्तर आलं. मारोतराव गंभीर झाले. अशा वाहनात बायकांना बसवून आपण धक्क्यावरून परत फिरणं बरोबर नाही, म्हणाले. बेबीताईंनाही मनातून तेच हवं होतं. मुंबईपर्यंत जाऊन दुसऱ्याची बोट सुटताना बघायची आणि परत यायचं, याला काय अर्थ आहे. पंचफुला म्हणाली की मीही येतेच मग. अशा रीतीने सोबत बोटीत चढली.

मग डेकचा विषय निघाला. डेक उघडा असतो हे कळल्यावर मारोतरावांनी मान हलवली. "उघडी वॅगन झाली ते. माल जाते त्याच्यात. माणसं नेणं कायद्यात बसत नाही." कॅबिनच घ्यायच्या, असं ठरलं. एका कॅबिनमध्ये दोघी. बेबीताईंना पंचफुलेशिवाय झोप येत नाही, त्यामुळे त्या दोघी एकीत. मारोतराव पुरुष, त्यांना कोणाही परक्या पुरुषाबरोबर जागा चालेल. राहिल्या आत्या.

सगळ्यांनी मनातल्या मनात ते गणित पुन्हा घालून पाहिलं. आत्यांना परक्या बाईबरोबर टाकायचं, तर मग सोबत कशाला नेली. अख्खी कॅबिन घ्यायची, तर परवडत नाही. चौथी बाई शोधावी, तर सगळ्यांचे डोळे सिंधूकडे वळले, आणि सिंधूने छकुलीला असं घट्ट धरलं की ती रडायला लागली. तो विषय तिथेच संपला.

"आत्याबाई, राग नोका मानू," बेबीताई शेवटी म्हणाल्या, "पण तुमीच एकट्या पडून राहिल्या."

"हो ना," आत्या म्हणाल्या.

"पुढच्या साली पाहू. तवा तुमच्यासाठी चांगली सोबत पाहून ठेवू."

"एकट्या बाईमाणसानं जाणं बरं बी नाही," मारोतराव म्हणाले. त्यांच्या बोलण्यात खरी कळकळ होती. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि आत्यांनी तो उचलून नेला.

सिंधूला त्या रात्री जेवण गेलं नाही. आत्या बुडणार नाहीत म्हणून तिला हायसं वाटत होतं, आणि हायसं वाटतंय म्हणून अंग चोरावंसं वाटत होतं. ती काही बोलणार तेवढ्यात आत्याच म्हणाल्या, की नाहीतरी गावी शेतातली लाखोरी काढायला आली असेल, जरा जाऊन येते. त्यांनी एक गाठोडं बांधलं, पथारीसकट. मंडळी मेलने निघायची होती त्याच्या आदल्या दिवशी पुंडलिकने त्यांना दुर्गला पॅसेंजरमध्ये बसवून दिलं. खिडकीशी जागा मिळाली, असं तो घरी येऊन म्हणाला. सिंधूने त्याच्याकडून ते दोनदा वदवून घेतलं.

मंडळी गेली आणि ओळीत सामसूम झाली. बेबीताईंच्या घराची किल्ली सिंधूकडे होती. ती रोज सकाळी जाऊन कुलूप ओढून बघायची, मग थोड्या वेळाने पुन्हा जाऊन बघायची.

बेबीताई आणि पंचफुला परत आल्या त्या ओळखू येत नव्हत्या. दोघींच्या तोंडाला रंग नव्हता. समुद्र कसा होता, असं सिंधूने विचारलं, तर बेबीताई म्हणाल्या की तो त्यांना माहीत नाही. बोट हलायला लागली तशी दोघींना बोट लागली आणि त्या कॅबिनच्या बाहेर आल्याच नाहीत. पंचफुलेने आळीपाळीने बहिणीचं कपाळ आणि बादली धरली, मग बेबीताईंनी पंचफुलेचं. सोबत होती म्हणून निभावलं. रत्नागिरीला कसंबसं उतरल्या आणि घाटातून बसने कोल्हापूर गाठून गाडीने आल्या.

"आणि मारोतरावकाका?"

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. रत्नागिरीला उतरल्यावर त्यांच्या लक्षात आलं होतं, की मारोतराव बरोबर नाहीत.

सिंधूची पुढची अख्खी दुपार-संध्याकाळ मारोतरावांच्या मुलाच्या घरी ये-जा करण्यात गेली. कारकुनाने रत्नागिरीकडे आपल्या गावी तार केली. तिचं उत्तर यायच्या आत दारात टांगा थांबला आणि भागीरथाआत्या उतरल्या. अंगावर तेच लुगडं, काखेत तेच गाठोडं. त्यांनी पाय धुतले, छकुलीला उचललं आणि सिंधूच्या हातात एक पुडी दिली. पुडीत आमसुलं होती.

सिंधूने आमसुलं पाहिली. मग आत्यांचं नाक पाहिलं. ते उन्हाने सोलवटून निघालं होतं. तिरोड्याला थंडीत नाक सोलवटत नाही आणि आमसुलं तर तिथे कुठल्याच ऋतूत होत नाहीत.

"आत्याबाई, लाखोरी काढून झाली?"

"नाही वं. तिरोडा आलं, तं उतरावंसं नाही वाटलं. गाडी नागपूरले जाऊन राहिली होती. नागपुरात दुसरी उभी होती, मुंबईची." यात आपला काही दोष आहे असं त्यांच्या आवाजावरून वाटत नव्हतं.

"त्याच बोटीने?"

"ते बोट मीच ठरवली होती ना."

सिंधू खाली बसली. तिच्या मनात बोट पुन्हा एकदा बुडाली आणि वर आली. "घाबरल्या नाही तुम्ही? रात्रभर उघड्यावर?"

"एका अंगाले काठ होता," आत्या म्हणाल्या, "माणसं, दिवे, नारळाची झाडं. सारे त्या बाजूनं पाहून राहिले होते. दुसऱ्या अंगाले काहीच नव्हतं. मी त्या अंगाले बसली." छकुलीला मांडीवर घेत त्या म्हणाल्या, "कोणी आवाज नाही देला, माय."

मग त्यांनी सहज सांगितल्यासारखं सांगितलं, की वाटेत जयगडला बोट थांबली तेव्हा होडीत उतरणाऱ्यांत त्यांनी मारोतरावांना पाहिलं. दोन खलाशांनी त्यांना धरलं होतं. ते डोळे मिटून, काहीही झालं तरी परत बोटीत चढणार नाही, असं ओरडत होते. आत्या अगदी वर कठड्याशीच उभ्या होत्या.

"मग तुम्ही हाक मारली नाही?"

आत्यांनी यावर विचार केला. त्या प्रामाणिक होत्या.

"मारली असती," त्या म्हणाल्या, "तं सोबत झाली असती."

तारेचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. मारोतराव जयगडला सुखरूप आहेत, बंदराजवळ एका घरी खोली घेऊन राहिले आहेत. बोटीत पुन्हा पाय ठेवायला ते तयार नाहीत, आणि घाटातल्या बसला रूळ नसल्यामुळे तिच्यावर त्यांचा विश्वास नाही. कोकणात रेल्वे येणार असल्याचं तिथल्या कोणीतरी त्यांना सांगितलं आहे. ती आली की ते पहिल्या गाडीने निघतील. मुलगा म्हणाला, बाबांचं एकदा ठरलं की ठरलं.

आत्यांचं सगळं बरं चाललं आहे, त्यांची काळजी नको. पण सिंधूला अधूनमधून मारोतरावांची आठवण येते आणि मग तिचं कामात लक्ष लागत नाही. तुमच्यापैकी कोणी त्या बाजूला जाणार असेल, तर तिची एवढी विनंती आहे. जयगडला बंदराजवळ चौकशी करा, गार्डसाहेब म्हटलं की लोक दाखवतील. त्यांची तब्येत बरी आहे ना, माशांच्या वासाने जेवण जातं ना, तेवढं बघून या. आणि अंघोळीला गरम पाणी मिळतं का, तेही विचारा.