गिरजाबाईची सावली नाक्यावर अडते

वाघोड्याच्या खालच्या पुऱ्यात एका घराच्या झाडाची सावली दुसऱ्याच्या अंगणात शिरली की तिच्यावर जकात पडत असे.

यात कोणाला काही नवल वाटत नसे. सावली सरकत सरकत कुंपणाशी यायची आणि थांबायची. घरातलं जाणतं माणूस बाहेर येऊन तिला उलटून पालटून बघायचं. कोणत्या झाडाची, दाट की विरळ, मधे कावळ्याचं घरटं आहे का, असलं तर त्याचा आकार वेगळा. मग कात्रीनं तिची एक घडी कापून घ्यायची आणि उरलेली आत सोडायची. कापलेल्या घड्या लोक पेटीत ठेवत आणि लग्नाकार्यात मांडवावर घालत. पंचाईत एकच होती. तपासणी होईस्तोवर सूर्य कोणासाठी थांबत नसे, आणि सकाळची सावली हातात पडायची तेव्हा ती वीतभर उरलेली असायची.

खाटा विणणाऱ्या चिंधू काळबांड्याच्या अंगणात झाड नव्हतं. त्याचं सगळं बाहेरच्या सावलीवर चालायचं. त्यातही त्याची एक सावली बिनजकातीची होती. रस्त्यापलीकडे, मावळतीला, त्याच्या थोरल्या बहिणीचं, गिरजाबाईचं घर होतं आणि तिच्या दारात कडुलिंब होता. दुपार कलली की त्याची सावली रस्ता ओलांडून यायची आणि चिंधू तिला कधी अडवत नसे. बहीणभावाची बोलचाल मात्र त्याच्या लग्नापासून बंद होती. गिरजाबाईनं पेटीतल्या जपून ठेवलेल्या घड्या काढून मांडव घातला होता आणि या शहाण्यानं भर मांडवात म्हटलं होतं, "बाई, पातळ हाय वं तुही सावली."

तेव्हापासून ती आली नाही, हा गेला नाही. पण सावली येत होती. चिंधू तिच्यात खाट टाकून पडायचा. डोळे जड झाले की फांद्यांच्या सावलीत आणखी एक सावली हलताना दिसायची. सूप पाखडणारे दोन हात, डोक्यावरून घसरणारा पदर. मग त्याला छान झोप लागायची.

त्या उन्हाळ्यात चिंधूला पोरगी झाली होती. पाळण्यात घातली, पण नाव ठेवलं नाही, कारण नाव आत्यानं ठेवायचं असतं आणि आत्या बोलत नव्हती. पोरगी बिननावाची वाढत होती आणि घामोळ्यांनी किरकिरत होती.

अशात शेजारचे दादाराव इंगोले आले. जन्मभर जकात नाक्यावर काढलेला माणूस. सरकारनं नाका उठवला तेव्हापासून त्यांचे हात शिवशिवत होते. त्यांनी पुऱ्यातल्या घरांचा एक जकात संघ काढला होता.

"फायदे ऐक," दादाराव खाटेवर बसत म्हणाले. "संघात आला की आतल्या आत जकात नाही. माह्या जांभळाची सावली सकाळी सरळ तुह्या पाळण्यावर. तपासणी नाही, कात्री नाही."

"आन् मी काय देऊ? माह्याकडे झाड नाही."

"तू हाय नं. तुही सोताची सावली हाय. काटकुळी हाय, पण संघाले चालते."

"बाहेरच्या सावलीचं कसं?"

"तिले सगळ्यांचा एकच दर. आपल्या मनानं कोणी माफी द्यायची नाही. नाही तं बाहेरची सावली तुह्या कुंपणातून फुकट शिरन आन् पुऱ्याभर हिंडन. संघ हाय का धर्मशाळा?"

"ढगाइचं काय मग?"

दादारावांनी उसासा सोडला. "ढगाइकडून वसुली होत नाही. मी धावून पाह्यलं."

आतून चिंधूची बायको वेणू म्हणाली, "आन् वन्संची सावली?"

"गिरजाबाई संघात नाही," दादाराव म्हणाले. "तिले इचारलं होतं. ती म्हणे, ज्या संघात माहा भाऊ येईन त्यात मी येत नाही."

पाळण्यातून किरकिर आली. चिंधूनं पोरीच्या मानेवरच्या लाल पुरळाकडे पाहिलं आणि हो म्हणून मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी जांभळाची सावली न थांबता अंगणात आली, पाळण्यावर चढली आणि निवांत बसली. पोरगी गाढ झोपली. वेणूच्याही डोळ्यांवर कितीतरी दिवसांनी झोप आली. फायदे खरेच होते, नाकारण्यात अर्थ नाही.

दुपारी कडुलिंबाची सावली रस्ता ओलांडून आली आणि कुंपणाशी थांबली. तिथून पुढे आता संघाची हद्द होती. दादारावांनी चिंधूच्या हातात कात्री दिली.

"काप. मंग येऊ दे."

चिंधू वाकला. फांद्यांच्या मधे दोन हात सूप पाखडत होते. घडी कुठूनही धरली तरी त्यात बोटं येत होती.

"माह्याच्यानं होत नाही, दादाराव."

"नाही तं उभी राहू दे."

सावली दिवस मावळेपर्यंत उभी राहिली आणि परत गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली, पुन्हा उभी राहिली. ऊन कलेल तशी मागून येणारी तिच्यावर साचत गेली. कुंपणाशी ती इतकी दाट झाली की रस्त्यानं जाणारे तिला हात लावून वाट काढू लागले. बैल तिथं येऊन बसत आणि उठायचं नाव घेत नसत. गावातली कुत्री तिच्यात दुपारभर पोहल्यासारखी पाय हलवत झोपत. कुंपणाच्या अलीकडे चिंधू रखरखीत उन्हात खाटेवर जागा पडून असे. सुपाचा आवाज यायचा. हात दिसत नसत.

मग एका दुपारी सूप थांबलं. गिरजाबाई घरातून निघाली. तिनं कडुलिंबाखाली उभं राहून सावलीचं टोक पदरासारखं खांद्यावर घेतलं आणि रस्ता ओलांडला. साचलेली सगळी सावली तिच्या मागे ओढली गेली. कुत्री कुरकुरत उठली.

दादाराव आडवे आले. "थांब, गिरजाबाई. काय घेऊन चालली?"

"दिसत नाही का? अंगावरचं हाय."

"अंगावरचं?"

"माणसासंग जे चालते त्याच्यावर जकात नसते. तुमच्याच नाक्यावर मी टोपलं घेऊन जात होती तवा तुम्हीच सांगत होते. का आता इसरले?"

दादाराव विचारात पडले. नियम तसाच होता. "पण संग आणलेलं संगच परत न्या लागते," ते म्हणाले.

"मले कोणतं इथं राह्याचं हाय?"

"जकातीचं आणखी काही हाय का संग?"

"हाय. एक नाव हाय."

"कोणतं?"

"ते तुमाले काऊन सांगू? पोरीच्या कानात सांगाचं असते."

दादारावांनी आठवून पाहिलं. नावाचा दर संघात ठरलेला नव्हता. ते बाजूला झाले.

गिरजाबाई अंगणात आली तशी अंगणभर हिरवट अंधार पसरला, आणि त्यात लिंबोळ्यांचा कडूगोड वास तरंगू लागला. चिंधू खाटेवरून उठला. तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही. पाळण्यावर वाकली, पोरीचा कान पदराआड घेतला आणि काहीतरी पुटपुटली. पोरगी झोपेतच हसली.

"काय नाव ठेवलं, बाई?" चिंधूनं विचारलं.

गिरजाबाई वेणूला म्हणाली, "तुह्या नवऱ्याले सांग, मी त्याच्याशी बोलत नाही. आन् हेही सांग, का सावली पातळ नव्हती. त्याचे डोळे पातळ होते."

"मी उभा हाय नं इथं."

"सांग त्याले, उभा नको राहू. बस. ऊन लागलं हाय तुले."

चिंधू बसला. कडुलिंबाची सावली त्याच्या डोक्यावरून, पाठीवरून, घोट्यांपर्यंत उतरली. गिरजाबाई पाळण्याशेजारी टेकली. बऱ्याच वेळानं गिरजाबाई उठली, सावलीचं टोक खांद्यावर टाकलं आणि आली तशी रस्ता ओलांडून गेली.

दादाराव कुंपणाशी उभे राहून मोजदाद करत होते. सगळं पाहून झालं तरी ते हलेनात.

"चिंधू, सावली परत गेली. पुरी गेली, मी पाह्यली. पण नाव काही परत गेलं नाही. ते इकडंच राह्यलं."

चिंधू पाळण्याची दोरी ओढत होता.

"राहू द्या," तो म्हणाला.