कार्डावरचं ऊन

जुन्या खेळाडू-कार्डाचा दर्जा तीनच्या खाली गेला की त्यावरचा खेळाडू निघून जातो आणि मागे नुसतं मैदान उरतं. मिरजेच्या आमच्या तपासणी कार्यालयात हे शिपायालाही ठाऊक आहे. लोक मात्र कार्डं पाकिटात कोंबून आणतात आणि मग माझ्यासमोर रडत बसतात.

विमल आरवाडे मंगळवारी आल्या. कार्ड त्यांच्या नवऱ्याचं. बाळगोंडा आरवाडे, कबड्डी. पूर्वी च्युइंगगमच्या पुडीत यायची, त्यातलं. भिंग लावून पाहिलं. कोपरे बरे होते, रंगही टिकला होता. कपाळाजवळ मात्र कागद फुगून पार भुसभुशीत झाला होता.

"काकू, हे काय?"

"गंध लावते रोज. गेल्या माणसाच्या फोटोला लावतातच की."

मी डोक्याला हात लावला. "हे कार्ड आहे, काकू. दर्जा अगदी काठावर, तीन. आणखी एकदा बोट लागलं की गेले म्हणून समजा. प्लॅस्टिकच्या डबीत सील करतो. मग कायमचे राहतील. हात तेवढा लावता येणार नाही."

बाईंचा चेहरा उतरला. त्या कार्डाकडे वळल्या. "अहो, राहाल ना डबीत?"

कार्डावरची माणसं कामापुरतंच बोलतात. आरवाडे म्हणाले, "विमल, हा फोटो भर दुपारी काढलाय. तेव्हापासून उन्हात उभा आहे मी. तू गंध लावतेस तेवढाच वेळ गार वाटतं."

"कधी बोलला नाहीत ते."

"बोललो असतो तर दिवसभर लावत बसली असतीस. मग मी कधीच गेलो असतो. जायचं नव्हतं मला."

"आणि आता?"

आरवाडेंनी मनगटाने घाम पुसला.

बाईंनी मला विचारलं, "डबीत ऊन कमी लागतं का हो?"

"नाही, काकू. फोटोतलं ऊन फोटोतच राहतं." वाईट वाटलं मला, पण खोटं कसं सांगणार?

त्यांनी पिशवीतून गंधाची वाटी काढली. नेहमीपेक्षा जास्तच घेतलं असावं, कपाळभर लावलं. आरवाडेंनी डोळे मिटले. "बास आता," म्हणाले, आणि मधली रेषा ओलांडून चालत गेले.

गंध तेवढं मैदानावर हवेत राहिलं. नियमाप्रमाणे मी ते डाग म्हणून धरलं आणि दर्जा दोन लिहिला.

बाईंनी कार्ड उचललं. बाहेर रणरणतं ऊन होतं. पायरी उतरताना त्यांनी कार्डावर पदर धरला.