भिंतीपलीकडचं प्रेशर

आमचे भासरे जगातली कोणतीही गोष्ट प्रेशरमध्ये मोजतात. चहा उकळला की "प्रेशर धरलं" म्हणतात. पुढाऱ्याचं भाषण रंगेना की "पानी नाही, नुसती हवा येऊन राह्यली". आणि लग्नात नवरीची आई रडायला लागली की पंगतीतून मान वर करून "वाल पूरा उघडला बाप्पा" एवढं नोंदवतात आणि पुन्हा वरणात हात घालतात.

भासरे म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. नाव तुळशीराम. हे नाव मी आज कागदावर पहिल्यांदा लिहिते आहे; तोंडाने अजून घेतलेलं नाही. नवी नवरी होऊन केनवडला आले तेव्हा तर मी अशी आज्ञाधारक होते की अंगणातल्या तुळशीलाही तुळस म्हणत नसे. "ते दारातलं झाड" म्हणत असे. त्या झाडापुढे दिवा लावताना मला आपल्या संस्कारांचं फार कौतुक वाटायचं.

भासऱ्यांनी उभी हयात गावच्या नळयोजनेवर वालमन म्हणून काढली. टाकी टेकडावर, आळीआळीचे वाल, म्हणजे व्हॉल्व्ह, जमिनीत, आणि वाल फिरवायचा लांब दांड्याचा पाना यांच्या खांद्यावर. "भाऊजी, आमच्या आळीचं तेवढं पाहा ना," असं म्हणत बायका भज्यांची ताटली घेऊन दारात उभ्या राहायच्या. ते भजं तोंडात टाकायचे, आभाळाकडे पाहायचे आणि म्हणायचे, "पायतो प्रेशर." यापलीकडे आश्वासन नाही. पण शेवटच्या घरची घागर भरल्याशिवाय वाल बंद करून ते कधी घरी आले नाहीत, हेही खरं.

आमच्याकडे सुनेनं भासऱ्यांशी बोलायचं नसतं. डोक्यावर पदर घ्यायचा आणि काय सांगायचं ते मधल्या माणसाला सांगायचं. आधी मध्ये सासूबाई होत्या, मग आमचे हे होते. सासूबाई गेल्या, जाऊबाई गेल्या, दोन वर्षांपूर्वी हेही गेले. आता मध्ये राणी आहे. राणी ही माझी बकरी.

घर एकच, मधोमध भिंत. पलीकडे ते, अलीकडे मी, अंगण दोघांचं. सकाळी मी चहाचा कप ओट्यावर ठेवते आणि बकरीला म्हणते, "राने, सांग त्याइले, चा झाला."

पलीकडून उत्तर येतं, "राने, तुह्या मालकिनीले सांग, काल साखरेचं प्रेशर कमी होतं."

"राने, त्याइले सांग, शुगर कोनाले हाये ते डॉक्टरले इचारा."

राणी पाला चघळत उभी असते. असा मुक्यानं निरोप पोचवणारा माणूस मी आमच्या सगळ्या नातेवाइकांत पाहिला नाही.

आता त्यांच्या घोरण्याबद्दल. लग्नानंतर पहिल्याच रात्री भिंतीपलीकडून घरघर सुरू झाली. मी सातवी पास होते आणि ते चारचौघांत दाखवायला मला कोणतंही निमित्त पुरायचं. सकाळी मोठ्या जाणतेपणानं सासूबाईंना म्हटलं, "तुमच्या गावात पिठाची गिरणी रात्रीही चालते वाटतं?"

"गिरनी नाही व माय," सासूबाई म्हणाल्या, "तुहा भासरा हाये."

मी कानात कापूस घालून पाहिला, उशी डोक्याखालून काढून डोक्यावर ठेवून पाहिली. आमचे हे म्हणायचे, "दादाले झोप लागली, आता तूबी झोप." शेवटी मी मंगरूळपीरच्या दर्ग्यात जाऊन नवस बोलले की भासऱ्यांचं घोरणं थांबू दे, चादर चढवीन. शेजारी एक बाई लेकराच्या दुखण्यासाठी हुंदके देत उभी होती. मी घोरण्यासाठी उभी होते आणि डोळे मात्र तिच्याइतकेच घट्ट मिटले होते. हे सांगितलं की नातवंडं अजून लोळून हसतात.

नवस पावायला माझे केस पांढरे व्हावे लागले.

मागच्या वर्षी भासरे दिवसाही झोपू लागले. एका तेरवीच्या पंगतीत पुरी हातात धरून झोपले. मग एकदा सायकल चालवता चालवता झोपले आणि नाल्यात जागे झाले. तेव्हा मात्र त्यांचा मुलगा प्रमोद पुण्याहून धावत आला आणि त्यांना अकोल्याला घेऊन गेला. तिथं त्यांना अंगाला वायरी लावून रात्रभर झोपवलं. "इतके वायर लावले," परत आल्यावर ते राणीला सांगत होते, "का मले वाटलं, आता माह्यावर बोअरची मोटर चालवतेत."

डॉक्टरांनी सांगितलं की झोपेत यांचा गळा आतून मिटतो आणि श्वास थांबतो. मग जीव घाबरा होऊन झोप मोडते, श्वास चालू होतो आणि पुन्हा थांबतो. रात्रभर तेच. नाकावर मास्क लावून मशीननं हवा दाबून आत सोडायची, म्हणजे गळा उघडा राहतो. हयगय केली तर हृदयावर येईल.

मशीन लावून द्यायला एक माणूस घरी आला. पुस्तकाएवढी ती पेटी, तिला लांब नळी, नळीच्या टोकाला मास्क. पेटीच्या पोटात पाण्याची छोटी टाकी, नाक कोरडं पडू नये म्हणून. त्यानं आकडा दाखवला. "प्रेशर अकरा. तपासणीत अकरावर तुमचा श्वास नीट चालला. कमी केलं तर गळा मिटणार. याला हात लावायचा नाही."

भासऱ्यांचे डोळे चमकले. "अकरा म्हंजे अकरा काय?"

"अकरा सेंटीमीटर पाणी. म्हणजे तेवढ्या उंच पाण्याचा जेवढा दाब असतो, तेवढा."

झालं! भासरे उठून उभेच राहिले. "पान्याचंच मोजमाप हाये! राने, आयकलं काय? मी इतके साल काय सांगून राह्यलो होतो?"

तो माणूस मोटारसायकलला किक मारतो न मारतो तोच यांनी पेटी उचलली आणि सोयाबीनच्या पोत्यांच्या थप्पीवर, पार आढ्याजवळ नेऊन ठेवली. टाकी जितकी उंच, तितकं खाली प्रेशर जास्त. हे त्यांनी गावाला आयुष्यभर सिद्ध करून दाखवलं होतं. पहाटे पलीकडून आरोळी आली, "वाल बंद करा रे! वाल बंद करा!"

मी धावले. एवढ्या घाईतही पदर डोक्यावर घ्यायला विसरले नाही, याचं मला अजून हसू येतं. पोत्यांवरच्या पेटीतलं पाणी नळीतून उतरून थेट त्यांच्या नाकात गेलं होतं. मास्क कपाळावर, मिशा ओल्या.

मी दारातून बाहेर तोंड करून म्हटलं, "राने, इच्चार त्याइले, काय झालं?"

"राने, सांग तिले," ते शिंकत म्हणाले, "लाईन फुटली."

प्रमोदनं फोनवर समजावलं की ही हवेची मशीन आहे, प्रेशर आतला पंखा तयार करतो आणि पेटी डोक्याच्या खालीच ठेवायची. पेटी स्टुलावर उतरली. त्या रात्री प्रथमच भिंतीपलीकडे शांतता झाली. आकडा अकरा, घोरणं बंद, पीरबाबा पावले.

मला मात्र झोप आली नाही. दुसऱ्या रात्रीही नाही. संध्याकाळचा चहा बाधतो, असं मी ठरवलं आणि दिवा लावून गहू निवडत बसले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळचा चहा बंद केला आणि रात्री छान झोप लागली. रिसोडच्या लेकीला फोन करून मी चहाच्या दुष्परिणामांवर व्याख्यान दिलं.

तेव्हापासून एक गंमत सुरू झाली. मशीनची माहिती प्रमोदच्या मोबाइलवर जाते. त्याचा फोन आला, "काकू, बाबांचं प्रेशर सहा दाखवते आहे. कोणी कमी केलं?"

मी जाऊन पाहिलं. इंग्रजी आकडे मला येतात. सातवीचा तेवढा उपयोग झाला. सहाच होतं. घरघरही परत चालू झाली होती.

"राने, इच्चार, हे सहा काहून केलं?"

"राने, सांग, व्होल्टेज कमी हाये. आपल्यानं उतरते."

मशीनवाला परत आला, अकरा केलं आणि कुलूप लावून गेला. मशीनचं कुलूप म्हणजे दोन बटणं एकदम दाबून धरायची. गावातल्या सगळ्या गंजलेल्या वालांशी झटलेल्या माणसाला ते किती दिवस पुरणार? आठवड्यात पुन्हा सहा. मला वाटलं, वीजबिलाला भीत असतील. मग वाटलं, मास्क टोचत असेल. विचारलं की राणीला उत्तर मिळायचं, "सेटिंग बराबर हाये मनाव. वालमन मी हाये का ती?"

सेटिंग काही बरोबर नव्हतं. एका सकाळी ओट्यावर चहा घेता घेता ते बसल्या जागी झोपले आणि खाली अंगणात कोसळले. कपाळ फुटलं. टाके पडले.

प्रमोद त्याच संध्याकाळी निघाला. दुसऱ्या दिवशी अंगणात उभा राहून म्हणाला, "बस झालं बाबा. पुण्याला चला. घराला कुलूप लावू. तिथं मी रोज रात्री माझ्या हातानं अकरावर लावीन."

भासरे कपाळाला पट्टी बांधून ओट्यावर बसले होते. भिंतीवर खिळ्याला त्यांचा जुना पाना टांगलेला असतो, त्याच्याकडे पाहत होते.

"एवढं तरी सांगा," प्रमोद म्हणाला, "कमी काहून करता? मरायचं आहे काय?"

त्यांनी त्या पान्यावरून नजर काढली. मग बकरीकडे वळले.

"राने, याले सांग. अकरावर लावली का माह्या घरातून कायी आवाज जात नाही. मसनावानी चुप होते. दोन रात्री लावून पायली. दोन्ही रात्री तिचा लाईट अंगनात पडेल होता. सकाळी पायतो तं सुपात गहू अन् डोळे लाल. माहा भाऊ गेल्यापासून तिकडं कोनी नाही. भिंतीच्या इकडं मानूस हाये, हे तिले कसं कळावं? आमचं तं बोलनंबी नाही. मंग मी सहावर आनलं. गळा थोडासा चिमटते, आवाज होते. त्या रात्री लाईट बंद झाला. मनलं, सेटिंग बराबर हाये."

मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी होते. बिचाऱ्या चहाला मी उगाच बदनाम केलं होतं.

मग मी राणीकडे न पाहता म्हटलं, "भाऊजी, अकरावर ठेवा. श्वास बंद पडला तं आवाजबी बंद होते अन् मानूसबी. मंग मले इकडं कोन हाये?"

राणीनं चघळणं थांबवलं.

भासरे तिच्याकडेच पाहत होते. हळूच म्हणाले, "राने, ही माह्यासंग बोलली काय?"

"हो," प्रमोद म्हणाला.

"बरं." त्यांनी घसा साफ केला. "राने, सांगजो तिले, अकरावर ठेवतो. पन ती झोपल्याबिगर मी मशीन लावनार नाही. शेवटच्या घरी पानी पोचल्याबिगर वालमन घरी जात नसते."

"पण काकू झोपल्या हे तुम्हाला कळणार कसं?" प्रमोदनं विचारलं.

"न कळायले काय झालं? इतके साल आयकून राह्यलो. तीबी घोरते."

हे धादांत खोटं आहे. मी घोरत नाही. सातवी पास आहे मी.

प्रमोद एकटाच पुण्याला परत गेला. जाताना बजावून गेला की आकडा एकदा जरी खाली आला तरी गाडी घेऊन येईन. अजून आलेला नाही. भासरे पंगतीत जागे राहतात, जेवणावर शेरे मारतात, आणि आमचं बोलणं पुन्हा राणीमार्फत सुरळीत चालू आहे. एकदा बोलले तेवढं पुष्कळ झालं. बकरीचंही मन मोडू नये.

मध्यंतरी मंगरूळपीरला जाऊन नवसाची चादर चढवून आले. डोळे मिटले, पण आता काय मागावं ते सुचेना. शेवटी म्हटलं, बाबा, अकराच राहू दे.

हल्ली जेवणं आटोपली की मी दिवा मालवते. अंगणात त्यांच्या खिडकीचा उजेड पडलेला असतो. मास्क हातात घेऊन ते पलीकडे बसलेले असणार, हे मला ठाऊक असतं. लगेच झोप लागली तर प्रश्नच नाही. पण या वयात झोप म्हणजे आमच्या गावचं नळाचं पाणी. वेळेवर येईल असा भरवसा नाही. मग मी उताणी होते, तोंड उघडते आणि घोरायला लागते. चांगलं प्रेशर धरून, अगदी शेवटच्या घरी पोचेल असं.

थोड्या वेळानं अंगणातला उजेड जातो. मग पलीकडून मशीनची बारीक सूंऽऽ सुरू होते. इतकी बारीक, की भिंतीला कान लावल्याशिवाय ऐकू येत नाही.

मी कान लावते.