हायस्कुलात बुजायचं नाही

मुलांना हायस्कूलसाठी तयार कसं करावं, हे नेरूळमध्ये माझ्याइतकं कोणालाच कळत नाही, असं त्या जूनपर्यंत माझं प्रामाणिक मत होतं. तसा मी एका सरकारी कचेरीत आवक-जावक कारकून. पण आमची वैजयंती सातवी पास होऊन वाशीच्या हायस्कुलात जाणार म्हटल्यावर अख्खी सुट्टी मी तिला घडवण्यात घालवली.

"नवखं दिसायचं नाही," मी रोज सांगायचो. "दहावीची पोरं नवख्याला वासानं ओळखतात. कुणाला काही विचारायचं नाही. छाती काढून सरळ चालायचं."

"आणि वर्ग सापडला नाही तर?" तिनं विचारलं.

"छाती काढून चालणाऱ्याला वर्ग सापडतोच."

आमची सौ. सुचित्रा तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "तिला निदान डबा कुठे खायचा ते सांगा." बायकांना मोठा विचार जमत नाही, म्हणून मी दुर्लक्ष केलं.

माझी कीर्ती शेजारच्या शिरवणे गावापर्यंत पोचली. तिथल्या हिरामणचा दत्तूही त्याच शाळेत आठवीत जाणार होता. हिरामण म्हणाला, "सायेब, आमच्या पोराला पन न्या संगती. तुमाला सगला ठाव हाय." मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि दोघांना बसनं घेऊन निघालो.

फाटकाशी शिपाई उभा होता. वैजयंती त्याच्याकडे वळली.

"विचारायचं नाही," मी दटावलं. "माझ्या मागून या. नुसतं बघा."

मी जिना चढलो, डावीकडे वळलो आणि समोरचा पहिला वर्ग गाठला. आत पाऊल टाकताच सगळा वर्ग ताडकन उभा राहिला. मिसरूड फुटलेली पोरं एका सुरात म्हणाली, "गुड मॉर्निंग, सर."

तेवढ्यात हेडमास्तरीण बाई दारावरून जाता जाता थबकल्या. "आलात? बरं झालं. दहावीचं गणित वाया जायला नको. करा सुरुवात." आणि गेल्यासुद्धा.

खरं सांगायला हवं होतं. पण खरं सांगायचं म्हणजे आपण नवखे आहोत हे कबूल करणं आलं. शिवाय 'सर' हा शब्द कचेरीत मी नेहमी म्हणतो, कधी ऐकत नाही. मी खडू घेतला. मागे पाहिलं तर दोन्ही पोरं गायब.

मी फळ्यावर एक त्रिकोण काढला. तो बरा जमला.

"सर, यात कर्ण कुठला?" पहिल्या बाकावरच्या मुलीनं विचारलं.

मी तिला झापलं. "हे गणित चाललंय. महाभारत नाही."

त्यावर जो हशा उसळला, तो ऐकून हेडमास्तरीण बाई परत आल्या. त्यांच्या मागे एक गृहस्थ होते. ते त्याच दिवशी रुजू होणारे गणिताचे खरे सर निघाले.

माझी वरात ऑफिसात गेली. परका माणूस शाळेत घुसून वर्ग घेतो म्हणजे काय, पोलिसांना बोलवू का, असं बाई विचारू लागल्या. मी घाम पुसत मुलीचं नाव सांगितलं. शिपायानं आठवीच्या वर्गातून वैजयंतीला आणलं. शिपायालाच विचारून ती आणि दत्तू केव्हाच जागेवर जाऊन बसले होते. तिच्यासोबत एक नवी मैत्रीणही आली होती, गंमत बघायला.

"हे तुझे वडील?" बाईंनी विचारलं.

तिनं माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

"हो, बाई," ती अखेर म्हणाली.

बाई मवाळ झाल्या. तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "घाबरू नकोस हं. शाळेत काही अडचण आली तर घरी सांगत जा."

"सांगीन, बाई," वैजयंती म्हणाली. "आणि घरची अडचण असली तर इथे सांगितलेलं चालतं का?"

"चालतं," बाई माझ्याकडे बघत म्हणाल्या.