एकशे बावीसवर गेलेला संगणक

आकडा खोटे बोलत नाही, याबद्दल लातुरात दुमत नाही. इथे माणसाचे नाव विसरले तर चालते; त्याच्या मुलाचे मार्क विसरून चालत नाही. हणमंतराव सर तर आपल्या क्लासमध्ये एकोणीस वर्षे फिजिक्स शिकवत होते, आणि त्यातही 'उष्णता' हे प्रकरण म्हणजे त्यांचा हातखंडा. फळ्याकडे न बघता ते सूत्रे सांगत (फळ्यालाही ती पाठ झाली असावीत).

एप्रिलमधल्या एका सोमवारी क्लासच्या संगणकाने आपण होऊन अपडेट घेतले. तो परत सुरू झाला तेव्हा पडद्याच्या कोपऱ्यात प्रोसेसरचे तापमान दिसत होते : १२२. आदल्या दिवशीपर्यंत तिथे पन्नासच्या आसपास काहीतरी असे. रविवारच्या चाचणीचे, सहाशे चाळीस मुलांचे मार्क त्याच संगणकात होते आणि निकाल संध्याकाळी लावायचा होता. निकाल एक दिवस लांबला तर पालक क्लास बदलतात (लातुरात याहून वेगवान बदल आढळलेला नाही).

सरांनी शास्त्रीय विचार केला. पाणी शंभरला उकळते. संगणक एकशे बावीसवर आहे. अर्थात तो पाण्याच्या पुढे गेला आहे. सबब, दारावर सूचना लागली : 'सदर कक्षात पाण्याची बाटली नेऊ नये (उकळण्याची शक्यता).' मग परीक्षा पुन्हा देणाऱ्या मुलांच्या रिपीटर बॅचचा कूलर उचलून संगणकासमोर लावण्यात आला. तासाभरात संगणकाचे तापमान १२२ वरून ११९ झाले. रिपीटर बॅचचे मोजण्यात आले नाही.

झाडलोट करणाऱ्या पारूबाईंनी धूळ पुसता पुसता संगणकाच्या डब्यावर हात टेकला.

"सर, ह्यो तर गार हाय की!"

"लांब व्हा पारूबाई! हात भाजंल."

"भाजला असता तर मला कळलं नसतं व्हय?"

सरांनी या निरीक्षणाची नोंद घेतली नाही. पारूबाईंचा हात प्रमाणित उपकरणांच्या यादीत नव्हता.

भूकंपाच्या वर्षी सर अकरावीला होते आणि चार महिने अंगणात पत्र्याखाली झोपले होते. कशाचा भरवसा वाटेनासा झाला की आधी उघड्यावर जायचे, हे तेव्हापासून त्यांच्या अंगात भिनले होते. त्यांनी संगणक टेबलासकट व्हरांड्यात आणवला. व्हरांड्यात ऊन होते. आकडा १२६ झाला.

शेवटी सरांनी सादला फोन केला. साद मूळचा नायगावचा, आता लातुरात संगणक दुरुस्त करायचा. तो सरांचाच जुना विद्यार्थी. पण फिजिक्समध्ये दोनदा नापास झाल्यामुळे क्लासच्या फ्लेक्सवर त्याचा फोटो कधी आला नव्हता. तो आला, पण त्याने अवजारांची पिशवीसुद्धा उघडली नाही.

"सर, आकड्याच्या पुढं काय लिहिलंय?"

सरांनी चष्मा पुसला. "एफ."

"अपडेटनं सेटिंग अमेरिकेचं करून टाकलंय. फॅरेनहाइट हाय हे. एकशे सव्वीसातनं बत्तीस वजा करा, पाचानं गुणा, नवानं भागा. बावन्न. काय झालं न्हाई त्याला." मग आवाज खाली घेऊन तो म्हणाला, "तुम्हीच पाठ करून घेतलं होतं, सर."

सरांनी बोटांवर बत्तीस वजा केले.

"घेतलं होतं," ते म्हणाले. "पण साद, मला ते फक्त फळ्यावर येत होतं रे."

निकाल वेळेवर लागला. तरी सरांना चैन पडेना. पुढच्या रविवारी पालकसभेत उभे राहून त्यांनी सगळे सांगून टाकले : सूचना, कूलर, व्हरांडा, काहीही लपवले नाही. आता क्लास बंद पडणार, असे सरांना वाटले.

तेवढ्यात जळकोटचे गुरुबसप्पा उठले. त्यांची मुलगी रिपीटर बॅचला होती.

"ते समदं ठीक हाय, सर. पण यातलं परीक्षेला काय येतं?"

"सूत्र येतं."

"मग तेवढंच सांगा की."

सरांनी सांगितले. सर्वांनी लिहून घेतले आणि पेनांना टोपणे लावली.

आपण त्यांना हसलात, ते योग्यच. पण बत्तीस आधी वजा करायचे की शेवटी, हे आपणही आत्ता मनात एकदा म्हणून पाहिलेत. घरात कोण किती तापले आहे, हे हात लावून पाहायला मात्र अजून उठला नाहीत.